परिवहन मंत्र्यांना खुले पत्र : चांगले ब्रेक काढून जुने बसवायचे, ते कशासाठी?

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

मी सांगलीच्या गावभागात राहतो आणि एका हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. आठवडाभर बोटं पिवळी असतात, रविवारी ग्रीसनं काळी. गाड्या दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही. पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेतलेली १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी गेली वीस-बावीस वर्षं मीच सांभाळतोय. यंदा तिच्या नोंदणीचं नूतनीकरण होतं. ते अडलंय.

आधी आरटीओत चौकशीला गेलो होतो. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवलेत, सीटबेल्ट लावलेत, चालेल का, असं स्पष्ट विचारलं. "सुरक्षेसाठीच केलंय ना, मग काय अडचण? बिलं घेऊन या," असं उत्तर मिळालं. बिलं गोळा केली, शुल्क भरलं, तारीख घेतली. तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी बॉनेट उघडायलाही सांगितलं नाही. चाकामागं वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे कंपनीचं नाही. मूळचे ब्रेक बसवून आणा." मी म्हटलं, साहेब, एवढंच कागदावर द्या. तेही दिलं नाही. चार हेलपाटे झाले, चार दिवसांची रजा गेली. चौथ्या दिवशी फाटकाबाहेर एकानं गाठून विचारलं, "ब्रेकचं काय ते आम्ही बघू का?" म्हणजे जे ब्रेक साहेबांना चालत नाहीत, तेच त्याच्या हातून चालणार होते. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. माझं भांडण एका खिडकीशी नाही.

हे ब्रेक मी हौसेखातर बसवलेले नाहीत. २०१७ च्या मे महिन्यात रत्नागिरीला लग्नाला निघालो होतो. गाडीत अण्णा, आई, बायको आणि सहा वर्षांची लेक. आंबा घाट उतरताना मूळचे ड्रम ब्रेक, म्हणजे चाकातल्या बंद डब्यात दाबले जाणारे, इतके तापले की जळका वास आत येऊ लागला. पेडल पायाला घट्ट लागत होतं आणि गाडी मात्र थांबत नव्हती. दुसऱ्या गियरवर ओढत, हँडब्रेक खेचत कशीबशी कडेला घेतली. आई अर्धा तास बोलली नाही. ड्रमच्या आत लायनर तापला की त्याची पकडच जाते. डिस्क उघड्या हवेत असते, लवकर निवते. एवढं साधं गणित आहे.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं आणि गाडी टपापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर सम्प, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, खोलला तर ऑइल चहासारखं निघालं. पिस्टन गंजून जागेवर बसले होते. प्लग काढून आत डिझेल ओतलं, आठ दिवस तसंच ठेवलं, तरी हँडल फिरेना. भंगारवाला दारात येऊन पंचवीस हजार मोजायला तयार होता. अण्णा ओट्यावर बसून होते, काही बोलले नाहीत. मला तेवढं पुरलं. ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन बोअर करून आणला. ओव्हरसाइझ पिस्टनसाठी कुर्ल्याच्या बाजारात दोन चकरा मारल्या. वायरिंग पूर्ण नवं ओढलं. लॉकडाऊनमध्ये नऊ वर्षांची लेक टॉर्च धरायची आणि मी सोलेक्स कार्बोरेटरचे जेट साफ करायचो. तेव्हाच ठरवलं, आता ड्रम नाहीत. कुपवाडच्या एका टर्नरकडून ब्रॅकेट मापात करून घेतलं, मास्टर सिलिंडर जुळवला, मोकळ्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. गाडी सरळ रेषेत उभी राहते. आधी ती डावीकडं ओढायची.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला माहीत आहे, मंत्रीमहोदय. नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकानं करू नये, असं ते सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ बनावटीत फेरफार चालणार नाही असं बजावलं. त्यानंतर आलेल्या दुरुस्तीत एकेका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. सायलेन्सर कापून रात्री गल्लीत फटाके वाजवणाऱ्यांना खुशाल पकडा, मी टाळ्या वाजवीन. पण माझं नोंदणी पुस्तक आत्ता समोर आहे. इंजिन नंबर, चासी नंबर, रंग, सीसी, आसनं, इंधन, सगळं जसंच्या तसं आहे. ब्रेकचा रकानाच त्यात नाही. मग विसंगती कशाशी?

आता पैशांचं. २०२१ मध्ये नोंदणीच्या नूतनीकरणाचे मी सहाशे रुपये भरले. एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार. म्हणजे सोळापटीहून जास्त. पर्यावरण कर वेगळा, नंबरप्लेटचे ७४५ रुपये आणि वर जीएसटी वेगळा. कारण विचारलं तर म्हणे प्रदूषण. माझ्या गाडीच्या पिढीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतो. माझा आकडा १.२ आला. गाडी वर्षाकाठी दीड हजार किलोमीटर चालते, त्यातलं निम्मं अण्णांना मिरजेला दवाखान्यात नेण्या-आणण्यात. तेवढं अंतर एखादी रिक्षा पंधरा-वीस दिवसांत कापते. धूर तपासायचं यंत्र तुमच्याकडं आहे ना? मग आकारणी जन्मसालावर का?

विंटेज म्हणून नोंद करा, असंही एकानं सुचवलं. २०२१ चे ते नियम पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना आहेत. माझी पद्मिनी तिथं २०३६ ला पोचेल. शिवाय तशी नोंद झाली की गाडी रोजच्या वापरात नेता येत नाही. अण्णा आज ८४ वर्षांचे आहेत. वीस ते पन्नास या मधल्या तीस वर्षांत गाडीनं काय करायचं, याचं उत्तर कुठल्याच नियमात नाही.

पेट्रोलचंही सांगतो, कारण ते दुखणं आतून खातंय. आमचा वीस गुंठे ऊस आहे. इथेनॉलमुळं कारखान्याला पैसा मिळतो आणि उसाची बिलं वेळेवर निघायला मदत होते, हे मी नाकारत नाही. पण वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं तेव्हा जुन्या गाडीवाल्याला कुणी विचारलं? कार्बोरेटरच्या काळातले रबर पाइप, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा, गास्केट हे त्या पेट्रोलसाठी केलेलेच नाहीत. एका पावसाळ्यात माझा पंपाचा पडदा फुगून फाटला. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की टाकीत ओल धरते. जुन्या धाटणीच्या गाड्यांचं मायलेज सहा-सात टक्के घटेल, हे नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात लिहिलंय. पाइप बदलला तर तोही बदलच की! उद्या त्यालाही कंपनीचं नाही म्हणणार का?

आणि ज्या रस्त्यावर माझे ब्रेक धोकादायक ठरतात, त्याच रस्त्यावर गळीत हंगामात संध्याकाळी एकदा येऊन उभे राहा. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. अंधारात ती काळी भिंत अचानक समोर येते. माझ्या लहानपणीच्या मित्राचा मुलगा अशाच ट्रॉलीवर आदळून गेला. त्या ट्रॉलीला कुणी परत पाठवलं होतं का, की आधी दिवा लावून आण? कायदा जो वाकून नमस्कार करतो त्याच्याच मानेवर बसतो, हे मी त्या दिवशी त्याच्या अंगणात उभं राहून पाहिलं.

आमचा हा जिल्हा हातानं वस्तू घडवणाऱ्यांचा आहे. १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती लोखंडी नांगरांच्या कारखान्यावर. ज्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्यांच्याच नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीच्या विश्रामबागेत आहे. यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्र्यात एका लोहारानं भंगारातून जीपसारखी गाडी बनवली, तेव्हा २०२१ च्या डिसेंबरात अख्ख्या देशानं कौतुक केलं. आनंद महिंद्रांनी त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. पण त्याच वेळी त्यांनी हेही लिहिलं की नियमात बसत नसल्यानं अधिकारी ती आज ना उद्या अडवतीलच. त्या हातांना एखाद्या कार्यशाळेत बसवून, हे असं कर म्हणजे नियमात बसेल, असं सरकारतर्फे सांगायची सोय का नाही?

शुल्क केंद्राचं, असं तुमचं कार्यालय म्हणेल. दिल्लीत विचारलं तर अंमलबजावणी राज्याची म्हणतील. पण नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यायचं, ही सूचना मुंबईतून एका परिपत्रकानं निघू शकते. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ मध्ये याच राज्यानं केलाय. ब्रेक, सीटबेल्ट, दिवे अशा सुरक्षेच्या बदलांची यादी करा, ते तपासायला एखादा अभियंता नेमा, फी घ्या. तोवर पर्यावरण कर धुराच्या आकड्यावर लावा.

जुने ड्रम माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेत. ते काढून बसवायला मला एक रविवार लागेल. निरीक्षकांसमोर उभं राहून लगेच पास होईन, हेही माहीत आहे. पण मी ते बसवणार नाही. गाडी अंगणात आहे, बॅटरीची तार सोडवून ठेवली आहे. पुढच्या सोमवारी अण्णांना मिरजेला न्यायचंय, रिक्षा सांगितली आहे.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला,
हळदीच्या पेढीवरचा एक मेहता
गावभाग, सांगली