रडार प्रतिमेला छायाचित्र म्हणू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात मध्यंतरी एका लघुग्रहाची रडारने मिळवलेली प्रतिमा ‘छायाचित्र’ म्हणून छापली गेली. चोपडा तालुक्यातील आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकावर ते कात्रण लावले, तेव्हा आठवीतील एका मुलीने विचारले, “सर, सूर्य याच्या डोक्यावर होता का?” तिचे निरीक्षण अचूक होते, कारण वरची कड उजळ आणि खालचा भाग काळा दिसत होता, मात्र तो उजेड सूर्याचा नव्हे, तर पृथ्वीवरून सोडलेल्या रेडिओ लहरींचा होता.

अशा प्रतिमेत वरून खाली मोजले जाते ते प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळेवरून काढलेले अंतर. आडव्या दिशेला असतो तो वारंवारितेतला फरक, जो लघुग्रह फिरताना त्याची एक कड आपल्याकडे येते व दुसरी दूर जाते म्हणून पडतो. साहजिकच, सावकाश फिरणारा लघुग्रह चित्रात अरुंद आणि वेगाने फिरणारा रुंद दिसतो. दुसरा दोष अधिक फसवा आहे. उत्तर व दक्षिण भागांतील दोन ठिकाणांचे अंतर आणि वेग सारखे असले, की दोघांचे प्रतिध्वनी एकाच बिंदूवर पडतात, घडी घातलेल्या कागदाची शाई समोरच्या बाजूवर उमटावी तसे. चंद्र रडारच्या शलाकेपेक्षा, म्हणजे लहरींच्या झोतापेक्षा, बराच मोठा दिसत असल्याने त्याचा एकच भाग निवडता येतो. शुक्र मात्र शलाकेत अख्खा मावत असे, म्हणून प्वेर्तो रिकोतील अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीचा रोख मुद्दाम एका गोलार्धाकडे ठेवून दुसऱ्याचा प्रतिध्वनी दुबळा केला जाई. लघुग्रहाच्या बाबतीत तेही शक्य नसते. तो फिरत असताना वेगवेगळ्या कोनांतून अनेक प्रतिमा घ्याव्या लागतात आणि त्या साऱ्यांशी जुळेल असा घन आकार संगणकावर बसवावा लागतो.

हे काम किती भरवशाचे आहे, ते बेन्नू या लघुग्रहावरून कळते. १९९९ व २००५ मधील रडार निरीक्षणांवरून तो भोवऱ्यासारखा असल्याचे अनुमान निघाले होते, आणि २०१८ मध्ये ओसायरिस-रेक्स यान तेथे पोहोचल्यावर जवळून टिपलेल्या छायाचित्रांत तोच आकार दिसला.

म्हणून विनंती अशी, की यापुढे चित्राखाली ‘रडार प्रतिमा’ असे स्पष्ट लिहावे आणि तिची आडवी दिशा लांबीची नसून वेगाची आहे, एवढी एक ओळ जोडावी.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, चोपडा (जि. जळगाव)