भातुकलीचा कोपरा कुणाला नडला?

महोदय,

बालवाडीच्या ‘पूर्वतयारी’वरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. लेखिकेने मेहनत घेतली आहे, हे मान्य. पण पेन्सिल कशी धरावी, अंक कुठवर यावेत, याला दोन रकाने आणि खेळाला एक ओळ. तीही ‘विरंगुळा’ म्हणून! वाचून फार वाईट वाटले.

माझा नातू ज्या शाळेत छोट्या शिशूत जातो, तिथला भातुकलीचा कोपरा दिवाळीनंतर काढून टाकला. तिथे आता वर्कशीटचे कपाट आहे. विचारायला गेले, तर ‘पालकांचीच मागणी आहे’ असे उत्तर मिळाले.

हाच चार वर्षांचा मुलगा घरी डॉक्टर होतो आणि मी पेशंट. परवा मी ‘सुई नको, सुई नको’ म्हणून खोटं खोटं रडू लागले. त्याने हातातले बॉलपेन झटकन पाठीमागे लपवले आणि म्हणाला, ‘सुई नाहीच्चे मुळी. डोळे मीट बघू.’ सुई दिसली तर पेशंट घाबरेल, नाही दिसली तर घाबरणार नाही, एवढा विचार त्याने केला. स्वतःला काय ठाऊक आणि समोरच्याला काय ठाऊक, हे त्याने वेगवेगळे धरले. हे कोणत्या वर्कशीटवर शिकवतात, ते लेखिकेने सांगावे.

विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली मुलांना मॅक्सीची गोष्ट सांगितली होती. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागाहून आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुले बहुधा दुसरे कपाट दाखवतात. मॅक्सीला ते ठाऊकच नाही, हे चार-पाचाव्या वर्षी उमगू लागते. नेमक्या याच वयात आपण भातुकली उचलून ठेवतो! खेळामुळे ही समज येते की समज आल्यामुळे असा खेळ जमतो, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण वर्कशीटमुळे ती येते, असे तुमच्या लेखातही कुणी म्हटलेले नाही.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम उभे केले. त्याच महाराष्ट्रात भातुकलीची बाजू घेऊन पत्र लिहावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा या वयात खेळातून शिकण्यावरच भर देते. शाळांनी ते वाचावे.

जाता जाता, आपल्या अंकातले मुलांचे पान आता अर्धेच येते. उरलेल्या अर्ध्यात शिकवणी वर्गांच्या जाहिराती असतात. ते पान पूर्ववत करावे, ही विनंती.

– एक आजी, मिरज