फिर्यादी कोण?

संपादक महोदय,

गळीत हंगाम सुरू झाला की अंधारात उभ्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलेली मोटारसायकल हा आमच्या अपघात विभागाचा ठरलेला पेशंट. गेल्या हंगामात असेच दोघे रात्री '१०८'मधून आले. एकाचे ठोके लागत नव्हते, म्हणून डॉक्टर, ब्रदर आणि मी तिघेही त्याच्याच टेबलाला. पलीकडे कपाळाला खोक पडलेला एक पोरगा आधीपासून बसला होता. शुद्धीत, बोलणारा, आणि बरोबर गल्लीतली दहा-बारा जणं. खोकेवर गॉज दाबून धर म्हणून सांगून मी पडदा ओढला. वीसेक मिनिटांनी "आम्ही आधी आलोय" असं ओरडत एकानं लोखंडी स्टूल भिरकावलं. मी हात आडवा घातला, मनगटाचं हाड मोडलं. माझा केसपेपर माझ्याच टेबलावर निघाला.

आमच्याकडे नंबर लागतो तो जिवाच्या धोक्यावर, येण्याच्या वेळेवर नाही. हे बाहेर ताटकळणाऱ्यांना कुणी समजावून सांगत नाही. तेवढी चूक आमची, कबूल.

पण पत्र लिहायचं कारण दुसऱ्या दिवशीची सकाळ. पोलिसांनी विचारलं, "फिर्यादी कोण?" आमच्या दवाखान्याचे साहेब म्हणाले, "सिस्टर, मार तुम्हाला लागलाय, तुम्हीच द्या." फिर्यादीत 'राहणार' लिहावं लागतं. स्टूल फेकणारा माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. संध्याकाळी भागातले कार्यकर्ते दारात. "ताई, पोरगं तसं चांगलंय, रागात झालं, मिटवा आता." सासूबाईंनी त्यांना चहासुद्धा दिला. मी फिर्याद दिली नाही. प्लास्टर सहा आठवडे होतं.

डॉक्टर-सिस्टरांवरच्या आणि दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, मोडतोडीची दुप्पट भरपाई. हे सगळं लिहिलेला फलक आमच्या दारातच आहे. त्याखाली स्ट्रेचर लावून ठेवतात, त्यामुळे शेवटच्या दोन ओळी दिसत नाहीत, ती गोष्ट वेगळी. कोलकात्यात रुग्णालयातच डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं आपल्या रुग्णालयांना कळवलं, की हल्ला झाल्यावर ६ तासांच्या आत संस्थेच्या वतीनं गुन्हा नोंदवून घेण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. मग हाच शिरस्ता जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी आणि खासगी दवाखान्यात का नको? फिर्याद दवाखान्याची असेल, पत्ता दवाखान्याचा असेल, तर 'मिटवा' म्हणायला माझ्या दारात कोण कशाला येईल?

ऊस पुन्हा तोडीला येईल. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी सगळ्या दवाखान्यांच्या प्रमुखांना बोलावून एवढं एक लेखी घ्यावं.

– अपघात विभागातील एक सिस्टर, कोल्हापूर
(नाव छापू नये, कारण वर दिलेच आहे.)