हातोडीच्या दांड्याचे दोन तुकडे

सोलापूर,
11 डिसेंबर

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्राचं काय काढलं, असं आई विचारेल. बाबांना फोनवर काही सांगायला गेलं की "हो हो, बरं बरं, घे, आईशी बोल" म्हणत फोन तुझ्या हातात येतो, म्हणून. पत्र असं दुसऱ्याच्या हातात देऊन सुटता येत नाही. शेजारच्या काकूंचा मुलगा रविवारी तिकडे अमेरिकेला परत निघालाय. त्याच्याबरोबर शेंगाचटणी, कडक भाकरीचे दोन पुडे आणि हे पत्र देतेय. आणखी एक वस्तू आहे, ती आईने नाही, बाबांनी उघडायची. तिचं नंतर सांगते.

बाबा, दादाने पाठवलेला तुमचा फोटो मी किती वेळा पाहिला असेल. वहिनीचं ते नारिंगी जाकीट, त्यावर आईने विणलेली कानटोपी, उपड्या बादलीवर बसलेले तुम्ही, हातात वीत-दीड वीत काठी आणि पायापुढे बर्फाला पाडलेलं भोक. मागे ना झाड, ना काठ, नुसतं पांढरं. आधी मी पोट धरून हसले. केत्तूरला उजनीच्या काठावर मे महिन्यात डोक्याला ओला पंचा गुंडाळून बसणारा माणूस हाच का, असं वाटलं. खाली दादाने लिहिलं होतं, "बाबा मिल लॅक्स तळ्यावर. बर्फ 5 इंच." तिथवर ठीक होतं. पण गेल्या आठवड्यात आई सहज बोलून गेली की दादाच्या घरामागे एक तळं आहे, आणि बुधवारी दादा ऑफिसला गेल्यावर तुम्ही एकटेच तिकडे जाऊन यायचं म्हणताय. "एवढंसं तर तळं, दिसतंय की खिडकीतून."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. दोन महिने तुम्ही टीव्हीपुढे बसून कंटाळलात हे मला इथून कळत होतं. गळ हातात आल्यापासून तुमचा फोनवरचा आवाजच बदललाय. माझं म्हणणं वेगळं आहे. रुळावर तुम्ही जसे चालत होता, तसेच बर्फावर चाला.

जेऊरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत असताना पहाटे खांद्यावर हातोडी टाकून तुम्ही बीटवर निघायचा. रूळ घट्ट धरणारी एकेक चावी ठोकत, आवाज ऐकत. काल ठोकलेली चावी आज परत ठोकायची. मी एकदा विचारलं होतं, "कालच बघितली ना?" तर म्हणालात, "काल रात्री गाड्या गेल्या की ओ त्याच्यावरून." बर्फाचंही तेच आहे, बाबा. काल चाललेल्या वाटेवर आज चालता येईलच असं नाही. रात्रीतून वारा सुटतो, बर्फ सरकतो, फट पडते, वर भुरभुर बर्फ पडून ती झाकलीही जाते.

गेले चार दिवस मी यावर वाचतेय. मिनेसोटाचं जे निसर्गसंपदा खातं आहे, त्यांचा नियम साधा आहे: 4 इंचांपेक्षा कमी बर्फ असेल तर पाऊलही टाकायचं नाही. नवा, पारदर्शक, घट्ट बर्फ 4 इंच असेल तर पायी जाऊन बसता येतं. लहान मोटारीला 9-10 इंच लागतात, मोठ्या ट्रकला 13. आता तुमची मोजायची पद्धत मला माहीत आहे. चार इंच म्हणजे चार बोटं नव्हेत. तुमची वीत नऊ इंचांची आहे, अर्ध्या वितेच्या आत असेल तर मागे फिरा. आणि एकदाच काठाजवळ मोजून भागत नाही. दर 150 फुटांवर भोक पाडून बघायला सांगतात. 150 फूट म्हणजे साधारण 70-75 स्लीपर, हा हिशेब मी खास तुमच्यासाठी केलाय. एकाच तळ्यात इथे फूटभर आणि तिथे दोन इंच, असं असतं. ओढा येऊन मिळतो तिथे, खालून झरा असतो तिथे, पुलाखाली, लव्हाळ्याच्या कडेला बर्फ पातळ असतो. घरामागच्या त्या तळ्याला कुठून पाणी येतं, हे दादालाही माहीत नसेल. विचारून बघा.

तिकडे चालताना पुढे बर्फावर मारत जायला एक लांब छिन्नी मिळते. फोटो बघितला तर काय, आपली पहारच! एक-दोन घावांत आरपार गेली की आल्या पावली मागे. ती दादाला आणायला सांगा. तुम्हाला शिकवायची गरज नाही, ठोकून आवाज ओळखण्यात तुमचा जन्म गेला.

पांढऱ्या बर्फाबद्दल वाचलं ते मात्र मला नीट कळेना. पांढरा बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरा, म्हणजे 4 ऐवजी 8 इंच, असं ते सांगतात. बर्फ तर सगळा पांढराच ना? म्हणून शनिवारी मासे आणायला गेले तेव्हा बर्फाच्या लादीजवळ उभी राहिले. कधी नीट बघितलंच नव्हतं. लादी कडेने काचेसारखी, पलीकडचं गोणपाट आरपार दिसतं. मधोमध मात्र दुधी पट्टा, बारीक बारीक बुडबुड्यांचा. मी त्या पोराला म्हटलं, दोन्हीकडे एकेकदा टोच्या मार. त्याने माझ्याकडे असं बघितलं, पण मारला. काचेसारख्या भागाला नुसती एक रेघ गेली. दुधी भागाचा भुगा होऊन त्याच्या पायावर पडला. त्या पांढऱ्यात हवा असते, बाबा. तळ्यावर पडलेला बर्फ अर्धवट वितळून पुन्हा गोठला की तसंच होतं. त्या भुग्यावर मोजून-मापूनसुद्धा भरवसा नको.

आवाजाचं एक सांगते, नाहीतर भलत्याच वेळी घाबराल. थंडीत रूळ आखडतो, वेल्ड तुटतो, म्हणून तुम्हाला रात्रीची गस्त असायची. बर्फही थंडी कमी-जास्त झाली की फुगतो, आखडतो आणि तोफ उडाल्यासारखा दणका देतो. जाड बर्फसुद्धा असा गरजतो. तेवढ्याने पळत सुटू नका. पण आवाज नाही म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका.

आता आई, तुझ्यासाठी एक गोष्ट. रागावू नकोस, खूप जुनी आहे.

मी चौथीत होते. मे महिना. बाबांना सुट्टी होती आणि आम्ही जेऊरहून सकाळच्या पॅसेंजरने पारेवाडीला उतरून केत्तूरला गेलो होतो. उजनीचं पाणी लांबवर मागे हटलेलं. जमिनीला भेगा पडलेल्या, वरून अगदी वाळलेली. चिलापी अंडी घालायला उथळ पाण्यात ताटाएवढे गोल खळगे करते ना, पाणी ओसरल्यावर ते उघडे पडले होते. शंभरेक ताटं मांडल्यासारखे. मला ते जवळून बघायचे होते. मी धावले आणि सात-आठ पावलांवर पाय आत गेला. वरचा पापुद्रा तेवढा सुका, खाली रबडी. बघता बघता कमरेपर्यंत.

बाबा धावत आले नाहीत. मला तेव्हा त्याचाच राग आला होता. दहा फुटांवर थांबून ओरडले, "हलू नको! आडवी हो, हात पसर!" मग स्वतः त्या गाळावर पालथे पडले, सदऱ्या-पँटीसकट, आणि सरपटत येऊन गळाची काठी पुढे केली. तिच्या टोकाला पंचा बांधला होता. मी तो धरला. बाहेर आल्यावर उभी राहायला लागले तर पुन्हा ओरडले, "उभी राहू नको, लोळत ये." काठापर्यंत आम्ही दोघं लोळत आलो. मग पाण्यात बसवून मला धुतलं, फ्रॉक वाळेपर्यंत बाभळीखाली बसवलं आणि म्हणाले, "आईला सांगायचं नाही." मी सांगितलं नाही. आजवर.

बाबा, आता हे वाचा. बर्फ फुटून कुणी आत पडलं तर जवळ धावत जायचं नाही, काठी नाहीतर दोर फेकायचा. स्वतः पडलात तर ज्या बाजूने आलात तिकडेच तोंड वळवायचं, कारण तिकडच्या बर्फाने निदान तिथवर तरी तुमचं वजन पेललेलं असतं. हात बर्फावर पसरायचे, पाय मारत अंग आडवं करून वर यायचं, आणि वर आल्यावर उभं न राहता लोळत लांब जायचं. हे लिहिणाऱ्यांनी तुम्हाला केत्तूरला बघितलं होतं की काय, असं मला वाटलं.

पाण्याचा गारठा तेवढा केत्तूरला नव्हता. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिस्ब्रेख्ट म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून हे शिकवलंय. त्यांचा हिशेब असा: पहिलं 1 मिनिट धाप लागते, तेव्हा फक्त श्वास सावरायचा, धडपड करायची नाही. मग हातपाय कामाचे राहतात ती जेमतेम 10 मिनिटं. शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो, पण तोवर बुडायचं नसेल तर अंगात लाइफ जॅकेट हवं. त्या 10 मिनिटांत निघता आलं नाही तर दुसरं कुणीतरी जवळ लागतं. बुधवारी तुमच्या जवळ कोण असणार आहे? आई खिडकीत?

2024 च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती बातमी ऐकून तुम्ही जेवला नव्हता. "ह्या पाण्याला मी ओळखतो म्हणणाराच बुडतो" असं म्हणाला होता, आणि तुम्ही तर उजनीला खरोखर ओळखता. 117 टीएमसीतलं 64 टीएमसीच्या आसपास मृतसाठाच, म्हणून धरण मायनसमध्ये गेलं तरी मासा कुठल्या डोहात दडतो, हे तुम्ही काठावर बसून सांगायचा. तिकडचं पाणी दोन महिन्यांच्या ओळखीचं. तेही झाकलेलं.

एक राहिलंच. दादा गॅसच्या हीटरचा तंबू घेणार आहे म्हणे. तंबूची खिडकी उघडी ठेवायची, थंडी वाजली तरी. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांचं काय होतं ते आपण थंडीत पेपरात वाचतोच. विषारी वायू ओळखून वाजणारा छोटा अलार्म मिळतो, तो आत टांगा.

आई, तू विचारलं होतंस, वरून सगळं गोठल्यावर खाली मासे जगतात कसे. पाणी 4 अंशांवर सगळ्यात जड असतं. ते तळाला जाऊन बसतं, त्याहून गार झालेलं हलकं होऊन वर राहतं आणि वरच गोठतं. म्हणून बर्फाखाली मासा मजेत, फक्त सुस्त. त्यामुळे बाबांना तासन् तास बसावं लागतं, तू चिडू नकोस. तो मोत्यासारख्या डोळ्यांचा वॉलाय मासा अंधुक उजेडात चांगलं बघतो, म्हणून कातरवेळीच गळाला लागतो. पण अंधार पडायच्या आत बाबांनी काठावर यायचं, मासा लागो न लागो. आणि वॉलायला काटे कमी असतात म्हणे, तेव्हा चिलापीसारखं कालवण नको करूस, रव्यात घोळून तळ. काळं तिखट पुड्यात घातलंय. वहिनीला आधी घरातल्या धुराच्या घंटेचं काय करायचं ते विचार, मागच्या वेळी फोडणीला वाजली तशी वाजेल.

इथे सगळं ठीक. पहाटे गारठा पडतो, म्हणजे आपल्यापुरता. सिद्धेश्वराच्या यात्रेची तयारी सुरू झालीय, होम मैदानावर लवकरच पाळणे उभे राहतील. यंदा अक्षतांना तुम्ही नसाल. मी जाईन, तुमच्या वाटच्या टाकीन.

आता ती वस्तू. फडक्यात गुंडाळलेले दोन लाकडी तुकडे आहेत. तुमच्या हातोडीचा तुटलेला दांडा माळ्यावर पडला होता ना, रिटायर होताना हातोडी जमा केली पण दांडा टाकवला नाही तो. सुताराकडून त्याचे मुठीएवढे दोन तुकडे करून घेतले. प्रत्येकात एक जाड खिळा, टोकाला घासून धार काढलेला, त्यावर बुचं लावलीत. दोन्ही तुमच्याच गळाच्या जाड दोरीने जोडलेत. हे गळ्यात अडकवायचं, जाकिटाच्या वरून. ओल्या हाताला बर्फ धरता येत नाही. हे दोन्ही मुठीत धरून बर्फात रोवले की अंग ओढून घेता येतं. तिकडे दुकानात तयार मिळतात, मला माहीत आहे. पण दुकानातले तुम्ही पिशवीत ठेवाल.

सुतार म्हणाला, लाकूड लई चिवट आहे, करवत दोनदा अडकली.

बुधवारी जाऊ नका. शनिवारी दादाबरोबर जा, आणि दांडे गळ्यात दिसतील असा फोटो पाठवा.

तुमची,
धाकटी