बाबा, घरावर आईचं नाव लावा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू गणपतीनंतर" म्हणतात आणि आई मध्येच आज भाजी काय केलीस म्हणून विचारते. म्हणून पत्र लिहितेय. बाबा, चष्मा लावून आईसमोर मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचून कपाटात ठेवू नका.

आजीच्या वर्षश्राद्धाला काका म्हणाले, "आता घराचं सगळं वहिनी बघतील." सगळ्यांनी माना डोलावल्या, आईनंही. नेमकं काय सोपवलं तिच्या हाती, ते मात्र कुणी बोललं नाही.

आजोबा लालबागच्या गाळ्यात गाववाल्यांबरोबर पाळीपाळीनं झोपायचे, त्यांची मनीऑर्डर यायची आणि राजापूरकडचं घर चालायचं, अशी आपल्या घराची गोष्ट आपण सांगतो. मला ती अर्धी वाटते. मनीऑर्डर किराण्याला आणि देण्याघेण्याला पुरायची. बाकीचं वर्ष आजी ओढायची. बियाणं कुठलं राखायचं, तरवा, म्हणजे भाताची रोपं, कधी काढायची, लावणीला कुणाच्या घरून बायका बोलवायच्या आणि त्यांच्या शेतात आपण कधी जायचं, कुणाला किती भात उसनं दिलंय, सगळं तोंडपाठ. सहीच्या जागी अंगठा उठवणारी बाई! आजोबा गणपतीला आणि शिमग्याला यायचे, तेवढ्यापुरते.

मग 1982 चा संप आला. 18 जानेवारीला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. आजोबा वळकटी बांधून गावी आले. बाबा, तुम्ही तेव्हा बेस्टमध्ये नुकते चिकटला होता. त्या वर्षी मनीऑर्डरी थांबल्या आणि उलट गावाहून एसटीच्या टपावर तांदळाची पोती मुंबईला यायला लागली, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय. ते भात आजीच्या कणगीतलं होतं. ज्या जमिनीत ते पिकलं तिच्या सातबाऱ्यावर आजोबा आणि त्यांचे भाऊ. आजी कुठेच नाही.

आई, पुढचं तुला आवडणार नाही, तरी लिहिते. आजीचा दरारा होता म्हणतात, पण तो कुणावर? सुनांवर आणि लेकींवर. कोठीची किल्ली कनवटीला, नारळ मोजून बाहेर यायचे, कुठल्या सुनेनं मुंबईला नवऱ्याकडे जायचं आणि कुणी गावी राहायचं हे तिचं फर्मान. लग्नानंतर तुला तिनंच ठेवून घेतलं, बाबा तिकडे आणि तू इकडे चुलीपाशी. तू हे हसून सांगतेस. मला काही हसू येत नाही. पुरुषांपुढे मात्र तिचं चालत नव्हतं. बांधाचा तंटा, आंब्याच्या कलमांचा सौदा, कुणाच्या नावावर काय चढवायचं, हे सगळं गणपतीच्या दिवसांत पडवीवर ठरायचं आणि ती आत मोदक वळत असायची. आजोबा गेल्यावर कायद्यानं मुलांच्या बरोबरीनं तिचा वाटा होता, 1956 पासूनच आहे तो. वारस नोंद झाली तशी आत्यांची हक्कसोडपत्रंही झाली. त्यांना समजावलं कुणी? आजीनंच. "भावांशी वाकडं घेऊ नका, माहेर तुटेल." तिला तेवढंच ठाऊक होतं, तिचंही तसंच झालं होतं. तिच्या कष्टांपुढे मी आजही वाकते. पण आईनं तिची जागा घ्यावी ती अशी घेऊ नये.

म्हणून मुद्द्याचं. मूळ घर आणि भातशेती सामायिक आहे, सातबाऱ्यावर नावांची रांग आहे, त्याला आत्ता हात लावू नका. पण निवृत्तीच्या पैशातून घेतलेली बाग आणि तिच्यातलं घर हे बाबांचं स्वतःचं आहे. घरपट्टीच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायचं, असा सरकारचा 2003 चा निर्णय आहे, ग्रामसेवकाकडे अर्ज करायचा. बागेतला अर्धा हिस्सा बक्षीसपत्रानं आईच्या नावावर करता येईल. नवऱ्यानं बायकोला शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस दिलं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. नोंदणीचा आणि वरचा किरकोळ खर्च वेगळा, तो मी करीन. मग तलाठ्याकडे फेरफार.

बाबा म्हणतील, "माझ्यामागे सगळं तिचंच आहे." नाही हो बाबा. तुमच्यामागे ते तिचं, दादाचं आणि माझं, सारखं तिघांचं. एक कलम तोडायचं म्हटलं तरी तिला आमच्या सह्या गोळा करत फिरावं लागेल. दादा आज चांगला आहे, मीही आहे, पण आमच्या चांगुलपणावर तिनं का राहावं?

माझ्या वाट्याचंही एकदाच सांगून टाकते. हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही. महाराष्ट्रानं 1994 साली आणि केंद्रानं 2005 साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिलाय. दादाला हे मी बोललेय, तो रागावलेला नाही. वहिनी थोडी गप्प आहे. होईल ठीक.

आता गणपतीचं. आई, तुझे गुडघे डॉक्टरांनी पाहिलेत, मीही पाहिलेत. पाच दिवस तीस माणसांचं जेवण तू एकटीनं काढायचं नाही. चुलत भावंडांशी बोलून पाळ्या लावल्यात: भाजी चिरणं आणि वाढप पुरुषांकडे, एका दिवसाची पंगत वाडीतल्या बचत गटाच्या बायकांकडून पैसे देऊन. मोदक तूच सांग, पण बसून सांग. "घरचं बाईमाणूस बसून राहिलं तर लोक काय म्हणतील" हे फोनवर ऐकून झालंय, पुन्हा नको. आणि जमिनीचं बोलणं निघालं की तू पडवीवर येऊन बसायचंस. बाबा, तिला तुम्ही बोलवायचं. काकांच्या देखत.

मी चतुर्थीच्या चार दिवस आधी येतेय, दिवा-सावंतवाडी गाडीचं तिकीट मिळालंय. बाबा, तोवर बागेचा सातबारा, आठ-अचा उतारा आणि खरेदीखताची प्रत काढून ठेवा, दोघांची आधार कार्डंही. सुट्टीत कचेऱ्या बंद असतील, तेव्हा आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी राजापूरला जाऊ. आई, कुळथाचं पीठ दळून ठेवू नकोस, मागचं अजून संपलं नाहीये. कोकमाच्या आगळाची एक बाटली चालेल.

तुमची लेक