बचावपटूनं फाइलीत काय लावायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला की आमच्या घरी पेपर मागच्या बाजूनं, म्हणजे तुमच्या क्रीडा पानापासून उघडतो. म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे.

मंगळवार पेठेत माझं पिको-फॉलचं छोटं दुकान आहे. हंगामात साड्यांच्या ढिगावर जर्सी येऊन पडतात. कुणाची बाही उसवलेली, कुणाला पाठीवरचा नंबर बदलून हवा. त्यामुळे फुटबॉल मला नवा नाही. माझा मुलगा यंदा बारावीला आहे, आठवीपासून डिफेन्सला खेळतो. ऑक्टोबर 2017 मध्ये आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा हा चौथीत होता. अमेरिकेनं आपल्याला 0-3 असं हरवलं, तरी पोरगं टीव्हीसमोरून हललं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेचे कॅनव्हासचे बूट पुढून फाडून आला.

त्याचं स्वप्न काही युरोपात जाण्याचं नाही. क्रीडा कोट्यातून बऱ्या कॉलेजात पदवीला प्रवेश, मग विद्यापीठाचा संघ, आणि जमलंच तर पुढं पोलीस किंवा रेल्वे. एवढंच. चौकशीसाठी आम्ही दोघं एका कॉलेजात गेलो. तिथल्या सरांनी त्याच्या प्रमाणपत्रांची फाइल चाळली आणि एकच प्रश्न विचारला, “राज्यस्तराचं काही आहे का?” नाही म्हटल्यावर फाइल परत दिली. बोलले चांगलं, चहासुद्धा पाजला. दोष त्यांचा नाही, नियमच तसा म्हणाले.

राज्यस्तराचं का नाही, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी शालेय स्पर्धेत त्याची शाळा शहरात जिंकली आणि विभागाला गेली. तिथं उपांत्य सामना पूर्ण वेळ 0-0. समोरचा सेंटर फॉरवर्ड याच्याहून वीतभर उंच, पण यानं त्याला एकदाही मोकळं वळू दिलं नाही. सामना संपल्यावर समोरच्या संघाचे कोच येऊन याच्या पाठीवर थाप मारून गेले. मग टायब्रेकर. आमच्या दोन पोरांनी पेनल्टी बाहेर मारल्या आणि संघ घरी आला. यानं स्वतःची पेनल्टी घातली होती, पण कागदावर त्याला जागा नाही.

धावणारा मुलगा जिल्ह्यात पहिला आला की स्वतःच्या पायांवर विभागाला जातो, तिथून राज्याला. त्याची मेहनत कमी आहे असं मी म्हणणार नाही. पण फुटबॉलच्या पोराला पुढच्या पायरीवर जायला आणखी दहा जण सोबत लागतात. संघ घसरला की तोही घसरला. मग कमकुवत शाळेतल्या चांगल्या पोरानं करायचं काय? आणि कागदावरच सगळा भरवसा ठेवला की काय होतं, ते सरकारी नोकरीसाठी लावलेल्या ट्रॅम्पोलिन या उड्यांच्या खेळाच्या बोगस प्रमाणपत्रांच्या प्रकरणात आपण पाहिलंच आहे. ज्यांनी उडी मारली नाही त्यांच्याकडे कागद, आणि आमच्याकडे गुडघ्यावरचे टाके.

दिल्ली विद्यापीठात क्रीडा कोट्याला प्रमाणपत्रांबरोबर मैदानावर चाचणी घेतात आणि तिचेही गुण धरतात. आपल्याकडे ते का होऊ नये? जून महिन्यात दोन दिवस काढायचे, मैदानावर पोरं उतरवायची, चार जुने खेळाडू शिट्टी घेऊन उभे करायचे. या गावात जुन्या खेळाडूंना काय तोटा! पहिल्या पंधरा मिनिटांत कोण कसा आहे ते त्यांना कळतं, फाइल उघडावी लागत नाही.

तालमीकडूनही, म्हणजे पेठेच्या फुटबॉल क्लबाकडूनही, फार आशा नाही. पेठेच्या संघाची जर्सी मिळाली की घरात सण असतो, हे खरं. पण सीनियर संघात बाहेरचे, अगदी नायजेरियाचे खेळाडू येतात आणि सतरा-अठराची आमची पोरं बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळतात. चुरस वाढते, शिकायला मिळतं, मान्य. पण बाकावर बसून किती शिकणार? त्यात भर हंगामातच, फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची परीक्षा. यंदा त्याच्या बाबांनी स्टड, म्हणजे फुटबॉलचे बूट, माळ्यावर टाकले होते. दोन दिवसांनी ते दारामागं चिखलासकट सापडले. मी काही बोलले नाही, धुऊन ठेवले. (हे पत्र छापून आलं तर बाबांना कळेलच.)

गॅलरीतल्या हुल्लडीबद्दल तुमच्याकडे बरीच पत्रं येतात, त्यात भर घालत नाही. तुमच्याकडे मात्र एक छोटं मागणं आहे. पोरं पेपरची कात्रणंही फाइलीत लावतात. बातमीत गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला केला, पास कुणी दिला, सगळं असतं. ज्यानं गोल होऊ दिला नाही त्याचं नाव नसतं. आमच्या फाइलीत एकच कात्रण आहे. फोटोत समोरचा फॉरवर्ड तोंडभर दिसतो आणि आमच्या पोराची पाठ, त्यावर मी शिवलेला 4 नंबर. शालेय स्पर्धांच्या बातमीखाली दोन्ही संघांची अकरा-अकरा नावं बारीक अक्षरात छापता येतील का? जागा कमी पडते हे कळतं. निदान उपांत्य सामन्यापासून तरी छापावीत.

आपली,
एका खेळाडूची आई
मंगळवार पेठ, कोल्हापूर