काका, तुमच्या बिघा-बिस्व्यांबद्दल

आदरणीय काका,
सा. न.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाक आधी" म्हणून विषय उडवता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

इंदूरजवळच्या देपालपूर तहसिलीतलं आमचं शासकीय हायस्कूल तुम्ही पाहिलंच आहे. गणिताची जागा रिकामी. अतिथी शिक्षक येतात, सत्र संपलं की जातात. मी संस्कृतची, पण नववी-दहावीचं गणित माझ्याच गळ्यात. पोरं नववीत येतात तेव्हा अपूर्णांक कच्चे, आणि पुस्तकात बहुपदी!

इंदुरातल्या सुदामानगरहून गंगवाल बसस्थानकावर येऊन, बस धरून तुम्ही पहिल्या शनिवारी आलात आणि पुस्तक मिटून ठेवलंत. फळ्यावर लिहिलंत: सात बिघे जमीन, तीन भाऊ. वीस बिस्व्यांचा बिघा हे पोरांना घरूनच पाठ. प्रत्येकी दोन बिघे सहा बिस्वे इथवर सगळे पोचले, मग उरलेल्या दोन बिस्व्यांवरून जुंपली. "मोठ्याला द्या!" "आईच्या नावावर करा!" शेवटी मागच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी उठली, एकेका बिस्व्याचे तीन तुकडे केले आणि प्रत्येक भावाला दोन-दोन देऊन मोकळी झाली. तुम्ही नुसते हसलात. मी मात्र तिचं नाव हजेरीपटात पुन्हा बघितलं.

एनएमएमएस, म्हणजे आठवीत परीक्षा देऊन मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीचं तर बोलायलाच नको. नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. मजुरीवर चालणाऱ्या घरात तेवढ्यावर मुलीची शाळा टिकते. आठवीची पोरं परीक्षेला घाबरत नव्हती, अडत होतं नावावर. शाळेच्या रजिस्टरात एक, आधारवर दुसरं, समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकाच्या नोंदीत, तिसरंच! दुरुस्तीसाठी बापानं दिवसाची मजुरी बुडवायची आणि केंद्रावर ऐकायचं, सर्व्हर डाऊन. तुम्ही बँकेतल्या सवयीनं वहीत लाल शाईनं एकेक फरक टिपलात आणि पालकांसोबत स्वतः रांगेत उभे राहिलात. हे काम कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं, म्हणून राहून जातं.

आता सोयाबीन कापणीला आलंय. काही आठवडे अर्धा वर्ग शेतात असेल. रागावू नका, वह्या-पेनं त्याच पैशातून येतात. दिवाळीनंतर दहावीला त्रिकोणमिती तेवढी तुम्हीच घ्या, मला ती झेपत नाही. आणि बसभाडं या वेळी घ्यायचं हं! काकूंना सांगून ठेवलंय.

तुमची,
संस्कृतवाली मॅडम